सहावा सेट

हातात धरून बोलायचे वायरलेस सेट निवडायचं काम आमच्या ग्रुपने माझ्यावर टाकलं, आणि ते मी इतकं चोख केलं की त्यापायी माझी सख्खी बहीण मरणाच्या दारात जाऊन बसली. हे असं एका दमात सांगितलं की लोक म्हणतात, अहो, त्यात तुमचा काय दोष. दोष माझाच आहे. तुम्ही आधी ऐकून घ्या, मग बोला.

आमच्या सहा गाड्या. चारही चाकांना जोर असलेल्या, उंच, कधीच नीट न धुतलेल्या. महिन्यातून एकदा डांबर सोडायचं, डोंगरात घुसायचं, दगडगोट्यांतून माथ्यावर चढायचं, तिथे डबे खायचे आणि उतरायचं. ह्यात मजा ती काय, असं माझी बायको विचारते, आणि मला ते आजवर सांगता आलेलं नाही. ग्रुपमध्ये एक बेकरीवाला, एक दातांची डॉक्टरीण, लाकडाच्या वखारीचे दोघे भाऊ, माझी ताई आणि मी. माझं रेडिओ आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून मला सगळे अँटेना म्हणतात. ताई तेवढी छोट्या म्हणते. मी चव्वेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, डोक्यावर टक्कल, आणि ही चारचौघांत हाक मारणार, ए छोट्या.

तो तिचा हक्कच आहे म्हणा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सतरा. माझं नाक पुसण्यापासून माझं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. गाडी चालवण्यात तिचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही, म्हणून डोंगरात तिची गाडी सगळ्यात शेवटी. कोणी अडकलं, कोणाचं काही पडलं, सुटलं, तर मागून येणाऱ्या ताईने ते निस्तरायचं.

डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सेट हवेत असं ठरलं. आणि मग तीन आठवडे सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाल्लं. बेकरीवाला म्हणाला, माझ्या पोरीकडे खेळण्यातली जोडी आहे, छान ऐकू येतं, तसलेच घेऊ. वखारवाल्या भावांना नकाशा दिसणारा पडदा हवा होता. डॉक्टरीणबाईंना रंग बरा हवा होता. खोक्यावर पस्तीस किलोमीटर लिहिलंय ते खरं का, हे प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे विचारलं. खरं आहे की. एका डोंगराच्या माथ्यावर तुम्ही आणि दुसऱ्याच्या माथ्यावर तुमचा मेव्हणा उभा असेल, तर नक्कीच खरं आहे. मधे एक टेकडी आली की दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ.

मी सात नमुने मागवले. बादलीत बुडवले, दुकानाच्या जिन्यावरून खाली फेकले, हातमोजे घालून बटणं दाबली, एकेकाची बॅटरी सबंध दिवस बोलत ठेवून संपवली. बायको म्हणाली, एवढं बघून तर तुम्ही मलाही पसंत केलं नव्हतं. शेवटी एक ठरवला. दणकट, पाण्याला न भिणारा, बॅटरी दोन दिवस टिकणारी. सहा घेतले, सगळ्यांना वाटले आणि कॉलर ताठ करून हिंडलो.

ताईने तिचा दुसऱ्या दिवशी परत आणला. म्हणाली, "छोट्या, ह्याचं बटण माझ्या बोटाला सापडत नाही रे." तिच्या बोटांचे सांधे सुजतात, इतकी वर्षं स्टिअरिंग धरून. शाळेने मोडीत काढलेला बसमधला एक जुना सेट तिने जपून ठेवला होता. विटेएवढा, पण बोलायचं बटण अंगठ्याखाली आपोआप येणारं. "मी हाच वापरते. तुमच्या चॅनलवर लावून दे."

मी चिडलो. मी चिडतोच, माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. तीन आठवडे घासून मी निवड केली आणि घरच्याच माणसाने ती नाकारावी, हे मला झोंबलं. "सगळ्यांनी एकच वापरायचा तर तुझंच काय वेगळं?" ती हसली. बोटं पुढे करून दाखवली. मग मी तिच्या जुन्या सेटवर आमचा चॅनल लावून दिला.

पहिल्या फेरीला सगळं झकास झालं, एक कटकट सोडून. डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याचं काम चाललं होतं. तिथली माणसं आमच्याच चॅनलवर बोलायची. इकडची सोड, तिकडची थांबव, टँकर आला का, मुकादम कुठेत. दिवसभर तेच. डॉक्टरीणबाई वैतागल्या. म्हणाल्या, अँटेना, हे बंद करा, नाहीतर मी सेट दरीत टाकते.

त्यावर उपाय असतो. त्याला टोन म्हणतात. टोन लावला की सेट तुमच्या बोलण्याखाली एक बारीक गुणगुण पाठवत राहतो, कानाला न कळणारी. ऐकणारा सेट ती गुणगुण असेल तरच आवाज बाहेर सोडतो. नसेल तर समोरचा ओरडून मेला तरी हा ढिम्म. दुसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, मी आमच्या पाच सेटना टोन लावला. एका मिनिटाचं काम. ताईच्या सेटला मात्र तो बटणांवरून लागत नव्हता, त्याला कॉम्प्युटरची वायर लागते, आणि तसली वायर माझ्याकडे नव्हती. म्हटलं, बघू पुढच्या वेळी. टोन नसलेला सेट सगळ्यांचं ऐकतो, हे मला ठाऊक होतं. तेवढं पुरेसं वाटलं. त्या सेटचं टोन लावलेला कोणताच सेट ऐकत नाही, हे पण मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी ह्याच धंद्यात आहे, शाळेतलं पोरगं विचारायला आलं तर मी त्याला कागदावर काढून समजावतो. पण त्या सकाळी सगळे गाड्या सुरू करून माझ्या नावाने हॉर्न वाजवत होते, आणि ते माझ्या डोक्यातून साफ निसटलं.

तरीही हजेरी घेताना कळायला हवं होतं. पण आमची हजेरी कशी, तर माझाच नियम होता: हवेवर फालतू बडबड नको. मी पहिल्या गाडीतून सेटवर आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा त्याने खिडकीतून हात वर करायचा. मी आरशात बघायचं. मी म्हणालो, "सहा?" आणि सगळ्यात मागून ताईचा हात वर आला. तिला माझं ऐकू येत होतं. तिचं मला ऐकू येतंय का, हे कोणी तपासलंच नाही. आम्ही निघालो.

अर्ध्या चढावर दोन वाटा फुटतात. डावी लांबून, डोंगराला वळसा घालून जाते. उजवी जवळची, पण नाल्याच्या काठाकाठाने, पावसाने खचलेली. आम्ही डावीकडून गेलो, नेहमीसारखे. एका वळणावर आमच्या पाच गाड्यांच्या चाकांनी वरचा दगडांचा थर सैल झाला असणार. आम्ही पार झालो आणि मागे तो खाली आला. आम्हाला इंजिनांच्या आवाजात काही कळलं नाही. माथ्यावर पोचलो, मी मोजल्या. पाच.

दहा मिनिटं वाट पाहिली. मग सेटवर म्हणालो, "ताई, कुठे राहिलीस?" काही नाही. "ताई, आम्ही वर पोचलोय." काही नाही. बेकरीवाला म्हणाला, फोटो काढत असेल. ताईने जन्मात फोटो काढलेला नाही.

सेटवर एक छोटा हिरवा दिवा असतो. त्या चॅनलवर कोणीही बोललं की तो लागतो, टोन असो वा नसो. तो लागत होता. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. मी तो बघत होतो आणि मनात म्हणत होतो, रस्त्यावरच्यांची बडबड सुरू झाली वाटतं आज पण. बाजूला एक बटण असतं, ते दाबून धरलं की टोन बाजूला सारून सगळं ऐकू येतं. मी ते दाबलं नाही. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्या बटणाला हात लावू नका, उगाच खरखर ऐकू येते.

वीस मिनिटांनी माझं डोकं फिरलं. सकाळी निघताना पुन्हा त्या जुन्या सेटपायी मी तिला टाकून बोललो होतो, ह्या भंगाराला टोन पण लागत नाही म्हणून. मला वाटलं, राग धरून सेट बंद करून बसली. मी बटण दाबलं आणि सगळ्या ग्रुपच्या देखत म्हणालो, "ताई, रुसायचं असेल तर घरी जाऊन रुस. पाच गाड्या तुझ्यासाठी खोळंबल्यात. एवढा मोठेपणा मिरवायचा तर येऊ नकोस आमच्याबरोबर." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

हिरवा दिवा लागला. विझला.

मग आम्ही उलट फिरलो. त्या वळणावर आलो तर वाट बंद. कमरेएवढे दगड, आणि त्यातले निम्मे वाटेवरून घरंगळत डावीकडच्या दरीत गेलेले. मातीचा ओघळ ताजा होता, ओला. दगडांच्या पलीकडे ताईची गाडी असायला हवी होती. नव्हती. मागे फिरून गेली असेल तर चाकांच्या खुणा हव्यात, पण तिथे नुसता दगडांचा खच. वखारवाल्यातला मोठा भाऊ दरीत डोकावून म्हणाला, "खाली काहीतरी चमकतंय."

आम्ही दोर बांधून उतरायला लागलो. मी सेटवर ओरडत होतो. "ताई, आम्ही डावीकडच्या दरीत उतरतोय. ताई, काहीतरी बोल. शिव्या घाल पण बोल." गुडघे फुटले, ते नंतर कळलं. जे चमकत होतं ते जुन्या पत्र्याचं डबडं निघालं. आम्ही आणखी खाली गेलो. एकेक मोठा दगड दिसला की वाटायचं, ह्याच्यामागे. ह्याच्या नाही तर त्याच्यामागे. मी देवाला मानत नाही, पण त्या दिवशी मी कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते मला सांगवणार नाही. तास गेला. वर उन्हाने गाड्यांचे पत्रे तापले होते आणि माझ्या कमरेला लावलेल्या सेटवर तो हिरवा दिवा आपला लागत होता, विझत होता.

वरून बेकरीवाल्याने हाक मारली. कोणीतरी आलंय म्हणाला. मी हातापायांवर चढत वर आलो.

पन्नाशीचा माणूस होता. अंगात रस्त्यावरच्या कामाचं ते चकाकणारं जाकीट, चेहरा धुळीने पांढरा, दगडांवरून चढून आल्यामुळे दम लागलेला. हातात एक स्वस्तातला सेट. त्याने आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "छोट्या कोण?"

मी पुढे झालो.

"अहो, तुमची बहीण दोन तास झाले तुम्हाला हाका मारतेय. तुम्ही तिला उत्तर का देत नाही?"

मला त्या क्षणी सगळं समजलं. टोन, दिवा, सकाळची हजेरी, सगळं एकदम. मी तिथल्या तिथे खाली बसलो.

तो पायथ्याच्या कामावरचा मुकादम होता. "आधी मला वाटलं, घरातलं भांडण असेल. तुम्ही रागावून बोलत होता. मग लक्षात आलं, तुम्हाला ऐकूच जात नाही. मी पण तुम्हाला हाका मारल्या, किती मारल्या. तुम्ही माझं पण ऐकेनात. म्हणून ट्रक काढला आणि आलो. उजव्या वाटेला नाल्यात गाडी उलटली आहे. पाय अडकलाय, रक्त जातंय. माझी दोन माणसं पायी तिकडे निघालीत आणि एक रुग्णवाहिकेला फोन करायला गेलाय. तुमच्यात डॉक्टर आहे असं ऐकलं होतं, म्हणून मी आधी इकडे आलो."

आणि तेवढ्यात त्याच्या हातातल्या सेटमधून ताई बोलली.

"छोट्या, आहेस ना रे?"

बारीक आवाज. झोपेत बोलल्यासारखा. मुकादमाने अंगठ्याने बटण दाबलं आणि शांतपणे म्हणाला, "आहे. आलोच. डोळे मिटायचे नाहीत." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "तासभर झाला, मला छोट्या म्हणतायत. मी पण हो म्हणत राहिलो. उगाच कशाला त्यांना घोळात टाकायचं."

मी सेट त्याच्या हातातून घेतला. "ताई. ताई, मी खरा बोलतोय. मी येतोय. ताई." खरखर झाली आणि थांबली. मी पुन्हा बोललो. तिने उत्तर दिलं नाही. त्यानंतर ती त्या दिवशी कोणाशीच बोलली नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते मला नीट आठवतच नाही. दगडांवरून पळालो, मुकादमाच्या ट्रकमधून वाटा फुटतात तिथवर, तिथून पुन्हा पळत. गाडी डाव्या कुशीवर पडली होती. मुकादमाच्या माणसांनी तिच्या डोक्याखाली जाकीट दिलं होतं. तिचा चेहरा मेणासारखा झालेला. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा पट्टा काढून मांडीला आवळला. दातांची डॉक्टर म्हणून आम्ही त्यांची टर उडवायचो, त्यांचे हात तेवढे थरथरत नव्हते. वखारवाल्यांनी जॅक लावला, आम्ही आठ जणांनी खांदे लावले, तेव्हा पाय सुटला. जुना सेट तिच्या मुठीत होता. अंगठा बटणावर. एकेक बोट सोडवून तो काढावा लागला.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर मुकादम माझ्या शेजारी बसून राहिला. त्याचं काय अडलं होतं, पण बसला. आत ऑपरेशन चाललं होतं, वाचतील का म्हटलं तर मोठे डॉक्टर नुसते 'बघू' म्हणाले होते. मी त्याला विचारलं, ती काय काय म्हणाली ते सगळं सांगा.

तो नको म्हणाला. मी पिच्छा सोडला नाही.

"दगड पडले तेव्हा त्यांनी तुम्हाला सांगितलं, वाट बंद झाली, मी उजवीकडून येऊ का. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, हो, ये ये, सावकाश ये."

ते मी बेकरीवाल्याला म्हणालो होतो. तो माझ्या मागे एका चढावर होता.

"मग नाल्यात गेल्यावर, कुठे आहेत ते सांगत होत्या. नीट सांगत होत्या हो. कुठला दगड, कुठलं झाड. तुम्ही डावीकडे म्हणालात की त्या म्हणायच्या, डावीकडे नको रे, उजवीकडे. तुम्ही पुन्हा डावीकडे म्हणायचा, की पुन्हा त्या. मी मोजलं नाही." तो थांबला. "तुम्ही रुसण्याचं बोललात ना."

"हो."

"तेव्हा म्हणाल्या, रुसले नाही रे सोन्या."

मी तिथे, त्या बाकावर, लोकांच्या देखत रडलो. मुकादम उठून पाणी घेऊन आला.

ताई वाचली. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शाळेची बस संपली. तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली आणि माझा हात धरून पहिलं बोलली ते हे: "तू बोलत राहिलास म्हणून मी राहिले रे." गाडी कशी पडली ते तिला आठवत नव्हतं. हाका मारल्या ते आठवत नव्हतं. फक्त एक आवाज आठवत होता. ती विचारायची, आहेस ना, की तो म्हणायचा, आहे. डोळे मिटू नको म्हणायचा. "तू लहान असताना तापात मी तुला असंच जागं ठेवायची," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हो."

दुसरं काय म्हणायला हवं होतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो. पण तिचा पाय नुकताच गेला होता, आणि तिच्याजवळ धरायला तेवढी एकच गोष्ट होती. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिने माझ्याकडे तसं बघायचं थांबवावं, हे मला झेपलं नसतं.

मग जो भेटायला येई त्याला ती तेच सांगे. मावशीला सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं, माझ्या पोरांना सांगितलं. भाऊ असावा तर असा, असं मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. माझी बायको कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "किती दिवस?" मी तिच्यावर खेकसलो. तीन रात्री मला झोप नव्हती, आणि दर सकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना मी ठरवायचो की आज सांगायचं. खोलीत गेलो की ताई हसायची आणि माझं अवसान गळून पडायचं.

सहाव्या दिवशी दुपारी कॉरिडॉरमध्ये मुकादम दिसला. अंगात धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. बाईंना बघून जावं म्हटलं, म्हणाला.

मी त्याला भिंतीकडे घेतलं. म्हणालो, "तिला वाटतं, तो आवाज माझा होता." तो ऐकत राहिला. "तुम्ही बोललात तर ती ओळखेल. तुम्ही आत या, जरूर या. पण बोलू नका."

ज्या माणसाने माझ्या बहिणीला तासभर मरू दिलं नाही, त्याला मी तोंड बंद ठेवायला सांगत होतो. आणि तो माणूस कसा, तर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या घरातलं आहे. तुम्ही म्हणाल तसं."

तो आत आला. पलंगाच्या पायाशी हात जोडून उभा राहिला. मी म्हणालो, "ताई, हे मुकादम. ह्यांनी आम्हाला वाट दाखवली." ताई उठून बसायला गेली. "बसा ना हो. उभे का?" तो बसला नाही. मान हलवली नुसती. "हे बोलत का नाहीत रे?"

"घसा बसलाय त्यांचा," मी म्हणालो.

"अरेरे. धुळीचं काम." मग ताईने त्यालाही ते सांगायला सुरुवात केली. माझा भाऊ तापट आहे, पण मनाने फार चांगला. त्या दिवशी एक मिनिट मला एकटं सोडलं नाही. मी म्हणायची, मला आता झोप येते, तर मला म्हणाला, तुमच्या बसमध्ये मुलं किती, मोजून सांगा. "मला अहोजाहो करायला लागला, बघा, इतका घाबरला होता माझ्यासाठी." आणि हसली. मुकादम जमिनीकडे बघत उभा होता. जोडलेले हात तसेच. कान लाल झाले होते त्याचे. स्वतःचंच बोलणं तो दुसऱ्याच्या नावाने ऐकत होता आणि माझ्यासाठी लाजत होता. मला ते बघवेना.

"बोला, मुकादम," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बोला तुम्ही. तुमचा घसा बरा आहे."

मग तो ताईकडे वळून म्हणाला, "फार दुखतं का हो, बाई?"

ताईचा हात चादरीवरच थांबला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून घेतले, आणि म्हणाली, "अजून एकदा बोला." तो म्हणाला, "काय बोलू, बाई?" तिने मान हलवली. मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. मग तिने डोळे उघडले आणि मला शोधलं. मी दाराशी होतो. ती रागावली नव्हती. लहानपणी अंधार पडल्यावर घरी आलो की दारात उभी राहून विचारायची, तसं तिने विचारलं.

"छोट्या, मग तू कुठे होतास?"